कावळ्याच्या गाण्यात प्रवीणभाऊ

"आतली खिरापत ओळखल्याबिगर डबा उघडायचा नाही, पोरींनो. भुलाबाई पाहून राहिली असते."

सत्यशीलाआजी दरवर्षी हे बजावायच्या. आजी गेल्या, तरी प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर दहामध्ये त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. म्हणूनच दसऱ्याच्या सुटीतल्या त्या दुपारी सिंधुकाकूंच्या ओट्यावर सापडलेला स्टीलचा डबा सरळ घरात मांडलेल्या भुलाबाईच्या मूर्तीपुढे, बाकीच्या खिरापतींशेजारी जाऊन बसला. कोणी ठेवला, हे काकूंनी विचारलंही नाही.

भुलाबाईची गाणी म्हणायला येणाऱ्या टीनाला मात्र चैन पडेना. काकूंच्या मागच्या खोलीत राहणारा प्रवीणभाऊ सकाळपासून दिसला नव्हता. दाराला कुलूप, सायकल मात्र आवारातच.

काल संध्याकाळी पोरांनी आपलं गाणं म्हटलं होतं. कावळा मैनेसाठी काहीबाही आणतो, अन् मैना नाक मुरडते:

कावळ्यानं आणले शिंगाडे, मैना म्हणे काटे रे!
कावळ्यानं आणलं सीताफळ, मैना म्हणे बिया रे!

त्यात टीनाच्याच टोळीतल्या मोहितनं नवी ओळ जोडली:

प्रवीणभाऊनं आणला गजरा, कांताताई म्हणे शिंका रे!

गजरा खरा होता. समोरच्या क्वार्टरमधल्या कांताताईंनी तो हळूच परत केलेला मोहितनं पाहिला होता. मोठी माणसं पोट धरून हसली, ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावली. दारात उभ्या प्रवीणभाऊकडे कोणी पाहिलंच नाही.

"उद्या त्याची प्लांटमध्ये जॉइनिंग आहे," टीना म्हणाली. "गेला नाही तं नोकरी जाईल."

"तू कावून घाबरून राहिली? आ जाएगा ना," मोहित म्हणाला. पण त्याची नजर त्या कुलपावरच होती.

टीनानं तो डबा उचलून कानाशी हलवला. लाडू धपधपतात, चिवडा खसखसतो. हा खणखणला. काकू रागावल्या, संध्याकाळपर्यंत थांब म्हणाल्या.

"काकू, ओळखलं तं उघडाल ना?"

"नियमच हाय तो."

"मग उघडा. चाव्या हायेत."

झाकण निघालं. आत खोलीची चावी होती, सायकलचीही. "खोली सोडून गावाले निघाला पोरगा!" काकू म्हणाल्या. प्रवीणचं गाव तुमसर, आणि तिकडची दुपारची गाडी यायची वेळ झाली होती.

मोहितनं चाव्या झडप घालून घेतल्या. प्रवीणभाऊच्याच सायकलवर टीनाला मागे बसवून त्यानं स्टेशनपर्यंत जीव तोडून पायडल मारले. गाडी फलाटाला लागलेली होती. गाडीच्या दारात बॅग घेऊन प्रवीणभाऊ उभा.

"भाऊ, ती ओळ मी जोडली. उतर ना!"

प्रवीणभाऊ हसला नाही, रागावलाही नाही. "तिनं नाही म्हटलं, त्याचं काही नाही रे. तिची मर्जी. पण आता तिले वाटत असन, मीच तुमाले शिकवलं. कोणत्या तोंडानं समोर राहू?"

गाडीनं भोंगा दिला. टीनानं मोहितचा हात घट्ट धरला.

"मी सांगतो तिले," मोहित म्हणाला. "एकटा जाऊन. आजच."

प्रवीणभाऊनं बॅग उचलली. मग त्याचा एक पाय फलाटावर आला.

संध्याकाळी भुलाबाईपुढे दिवा लागला. काल हसणाऱ्यांतल्याच तेजरामकाकांनी टीनाची पाठ थोपटली. पोरीचे कान सोन्याचे आहेत, आपलेच बहिरे झाले होते, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. काकूंनी तिच्या हातावर दोन लाडू ठेवले आणि मोहितला हाक मारली.

मोहित तिथं नव्हता. चपला पायात सरकवून, रस्ता ओलांडून, तो कांताताईंच्या फाटकाची कडी काढत होता.