पांढरीतला पाय

माझ्या दवाखान्याच्या दाराशी एक फरशी हलती आहे. तिच्यावर पाय पडला की ‘खट्’ वाजतं. मिस्त्री दोनदा येऊन बघून गेला, पण मीच ती बसवून घेतली नाही. आतल्या खोलीत मशीनवर काम करताना बाहेर कुणी आलं की कळतं, आणि बसून बसून कंटाळून कुणी निघून गेलं तरी कळतं. शिरूरच्या बाजारपेठेत, रस्त्यावरून चार पायऱ्या चढून आलं की माझा दवाखाना. बुधवारी मी दौंडला जाते, बाकीचे दिवस इथेच.

मी मज्जातंतूंची डॉक्टर. पाटीवर डॉ. अनुपमा असं ठळक लिहिलंय, पण तालुकाभर मी ‘नसांच्या मॅडम’. आमच्याकडे नस म्हणजे काहीही असू शकतं. रक्तवाहिनी ती नस, मज्जातंतू तीही नस, आणि मान आखडली तरी दबलेली नसच. सुरुवातीला मी हौसेनं समजावत बसायची. आता चिडचिड गिळते आणि सरळ सुई टोचते.

माझं मशीन म्हणजे एक पडदा, एक स्पीकर आणि एक बारीक सुई. सुई स्नायूत घालायची आणि मज्जातंतूकडून त्याला काय हुकूम येतात ते ऐकायचं. स्नायू निवांत असेल तर खोलीत शांतता. आखडला की लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. ह्या आवाजावर माझा माणसांपेक्षा जास्त विश्वास आहे. माणसं लक्षणं वाढवून सांगतात, स्नायू सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी इनामगावचे मल्हारीमामा आले. सोबत बायको बयाबाई आणि रांजणगावला कंपनीत असलेला मुलगा सुरज. उसाच्या ट्रॉलीचं चाक मामांच्या डाव्या पावलावरून गेलं होतं आणि पाय घोट्याच्या वरून काढावा लागला होता. जखम छान भरली होती. दुखत होतं ते गेलेलं पाऊल.

“बोटं आवळून बसल्यात,” मामा म्हणाले. “गार मातीत दाबून धरल्यावानी. सोडवाय गेलो तर सुटत न्हाईत.”

पुण्याच्या सर्जननं आणखी वर, गुडघ्याच्या वरून कापायचा सल्ला दिला होता. गुडघा राहिला तर नकली पावलावर मामा शेताला जाऊ शकले असते. गुडघा गेला की खाट आणि अंगण. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी जाऊन आलेला हा माणूस.

“गुडघा वाचवा मॅडम,” ते म्हणाले. “बाकी दुखंना का.”

मला हा माणूस पहिल्या भेटीतच आवडला. गुडघा वाचवेन असं मी बोलून बसले, आणि डॉक्टरनं असं बोलू नये हे मला ठाऊक होतं.

स्टूल पुढे ओढून मी त्यांचा पाय तपासायला बसले. तेवढ्यात मामा दचकले. वाकून त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला आणि तो हात स्वतःच्या छातीला लावला.

“पाय लागला मॅडम. माफ करा.”

उजवा पाय तर खुर्चीखाली दुमडलेला होता. बयाबाईंनी मान खाली घातली. मला हसू आलं. लहानपणापासूनच्या सवयीनं मी म्हटलं, “असू दे, असू दे.”

मग मी समजावून सांगितलं. मेंदूत पावलाची जागा राखलेली असते. पाऊल गेलं तरी जागा जात नाही. तिथे बातमी येईनाशी झाली की मेंदू आपल्या मनानंच बातमी तयार करतो. बातमी येते कशी, तर पेशीकडून पेशीकडे. आणि गंमत अशी की एका पेशीचं टोक दुसरीला चिकटलेलं नसतं. मधे फट असते. अलीकडची पेशी फटीत थोडं रसायन सोडते, पलीकडची ते ओळखते आणि निरोप पुढे नेते.

“म्हंजी येकमेकीला शिवतच न्हाईत?” मामांनी विचारलं.

“नाही.”

“आन् फट लई मोठी आसली तर?”

“तर निरोप पोचत नाही.”

मामांना पटलेलं दिसलं नाही. “पलीकडं कुणी वाट बघत आसंल तर पोचंल की,” ते म्हणाले.

उपचार साधा होता. दोन्ही पायांच्या मधे आरसा उभा करायचा. उजव्या पावलाचं प्रतिबिंब डावीकडे दिसतं आणि मेंदूला वाटतं, डावं पाऊल परत आलं. मग उजवी बोटं हळूहळू मोकळी करायची. मामा आरशात टक लावून बघत बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग एकदम त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“सुटली,” ते म्हणाले. “आगं बया, सुटली बोटं.”

बयाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. आरशाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला मात्र आनंद मावत नव्हता. मी मामांना रोजचा व्यायाम दिला. सकाळी आरसा लावून बसायचं, बोटं सोडवायची आणि मग मनातल्या मनात ते पाऊल चालवायचं.

“घरापासून माझ्या दवाखान्यापर्यंत,” मी म्हटलं. “रोज थोडं थोडं. माझ्याकडे यायला निघालाय असं समजा.” मुक्काम ठरलेला असला की मन भरकटत नाही, म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते.

निघताना बयाबाईंनी मुलाकडे बोट दाखवलं. “ह्यानं पाय काळीत पुराय पायजे हुता. पांढरीत पुरला. म्हून गार लागतंय त्यांना.”

काळी म्हणजे पेरायची जमीन आणि पांढरी म्हणजे माणसं राहिली ती. इनामगावला नदीकाठी पांढरीचं जुनं टेकाड आहे. तिथे उत्खनन झालं, हजारो वर्षांपूर्वीची घरं सापडली. शाळेच्या सहलीला आम्हाला तिथे नेलं होतं. घरांच्या जमिनीखाली मोठ्या माणसांना पुरलेलं होतं आणि पुरण्याआधी त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. का, ते नक्की कुणाला माहीत नाही. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असं गुरुजींनी सांगितलं होतं. तेव्हा मी रात्री आईला चिकटून झोपले होते.

“रानात उसाला पाणी सोडल्यालं,” सुरज ओशाळून म्हणाला. “सगळा चिखल. टेकाडाच्या बाजूची माती भुसभुशीत, कुंपणाच्या भाईरच हाय. दवाखान्यानं फडक्यात बांधून दिल्याला पाय घिवून किती हिंडायचं?”

कुठेही पुरला असता तरी काही फरक पडला नसता, असं मी बयाबाईंना सांगितलं. जरा तोडूनच बोलले असेन.

पुढच्या भेटीत मामांचं दुखणं थांबलेलं होतं. चेहरा भरला होता. सर्जनला फोन करून मी ऑपरेशन रद्द करायला लावलं. मला कौतुक हवं होतं, पण मामा घुटमळत होते.

“पाय चालतोय,” ते म्हणाले.

“चालवताय ना तुम्ही, मी सांगितलं तसं?”

“मी न्हाई. मी आपला च्या पीत बसल्यालो आसतो आन् त्यो चालत आसतो. आधी राखंवानी माती हुती. मग वाळू लागली. काल पाण्यात हुता, जलपर्णी गुतली बोटांत. नदीनं वर चाललाय.”

इनामगावाहून नदीनं वर म्हणजे शिरूरकडे.

“आन् वजन माझं न्हाई मॅडम. जड हाय कुणीतरी. टाच आधी टेकत न्हाई.”

व्यायामाचा अतिरेक, मी म्हटलं. मामांना आडवं केलं आणि पोटरीच्या उरलेल्या स्नायूत सुई घातली. पाय सैल सोडायला लावला. मामा डोळे मिटून पडले. चेहरा शांत होता, हात पोटावर होते.

स्पीकरवर लाह्या फुटल्या आणि थांबल्या. पुन्हा फुटल्या, पुन्हा थांबल्या. मी सुई हलवून पाहिली, वायर बदलली. दुपारची वेळ होती, खिडकीतून बाजाराचा गलका येत होता, आणि त्याच्याखाली तो ठेका चालूच होता. अशी आखडण मी खूप ऐकलीये. ती वेडीवाकडी असते. ही एका चालीनं येत होती, मधेच जरा अडखळून पुन्हा लागत होती.

बयाबाई खुर्चीतून उठून स्पीकरजवळ आल्या. कान देऊन ऐकत राहिल्या.

“कुणीतरी चालतंय,” त्या म्हणाल्या.

“मावशी, तो स्नायूचा आवाज आहे.”

“आसंल. पर ह्ये ह्यांचं चालणं न्हाई. ह्यांची चाल मला म्हाईत न्हाई व्हय?”

मी मशीन बंद केलं. मग बाहेर बसलेल्या सुरजला मी बाजूला घेऊन सांगितलं की पाय उकरून काढा आणि काळीत पुरा. आईचं समाधान होईल, वडिलांच्या डोक्यातलंही जाईल. औषधच आहे असं समजा.

दोन दिवसांनी सुरजचा कंपनीतून फोन आला. मागे प्रेस मशीनची धडधड ऐकू येत होती.

“फडकं घावलं मॅडम.”

“आणि पाय?”

“न्हाई.”

“कुत्र्यांनी उकरला असेल.”

“फडक्याची गाठ तशीच हाय,” तो म्हणाला. “मीच मारल्याली. आत नुसती माती.”

मी मामांना बोलावून घेतलं. इंजेक्शननं पायाची नस सुन्न करू, म्हणजे कसलीच जाणीव उरणार नाही, असं सांगितलं. मामांनी हात जोडले.

“नको. त्यो कुठं हाय ते मला कळतंय तवर बरं हाय. सुन्न केल्यावर कुणाला कळायचं?”

मी रागावले. शिकलेल्या माणसानं घाबरल्यावर जसं रागवावं तशीच रागावले.

त्यानंतर महिनाभर काही कळलं नाही. एका दुपारी जेवण करून मी टेबलाशी बसले होते. पेशंट नव्हते, मदतनीस मुलगी घरी गेली होती. उन्हानं रस्ता ओस पडला होता. पंखा चालू होता, चपला काढून मी पाय फरशीवर मोकळे सोडले होते. फोन वाजला. मामा होते.

“मॅडम, दवाखान्यातच हाय का तुमी?”

“हो. का?”

“सकाळी वाळू संपली. मंग डांबर लागलं, लई भाजलं. आत्ता पायऱ्या चढला.”

“कसल्या पायऱ्या?”

“चार हुत्या.”

मी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. बाहेर नुसतं ऊन होतं.

“मामा, तुम्ही आत्ता कुठे आहात?”

“घरी. वट्ट्यावर बसलोय, बया शेजारी हाय.” मग म्हणाले, “फरशी लागली. गार हाय. हलती हाय वाटतं येक.”

खट्.

दारात कुणी नव्हतं.

“मॅडम?”

मी फोन कानाशी घट्ट धरला. पंख्याची घरघर ऐकू येत होती. टेबलाच्या पलीकडे, खाली, काहीतरी ओलं फरशीवरून सरकल्यासारखं वाटलं. मग तेही थांबलं.

माझ्या उजव्या पावलाला गार स्पर्श झाला.

फोनवर मामा दचकून म्हणाले, “पाय लागला. माफ करा.”

आणि लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द, मी अडवायच्या आत, बाहेर पडले.

“असू दे.”

मग मामांनी सुस्कारा सोडला. “थांबला,” ते म्हणाले. “आता कायच कळत न्हाई मॅडम. नस मोकळी झाली.”

मी खाली वाकून पाहिलं नाही. संध्याकाळी मुलगी झाडायला आली तेव्हा तिनं विचारलं, टेबलाखाली एवढी वाळू कुठून आली.

मामांचा गुडघा वाचला. नकली पाऊल छान बसलं. दिवाळीच्या आधी ते पेढे घेऊन आले, काठी न घेता पायऱ्या चढले. निघताना मला हात जोडले आणि मग जरा वाकून टेबलाखालीही जोडले. बयाबाई बाहेरच उभ्या होत्या, त्यांनी दार ओलांडलं नाही.

मी आता स्टुलावर पाय वर घेऊन बसते. त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत कान देऊन बसले होते, फरशी पुन्हा वाजली ती मुलगी आल्यावरच. परवा मिस्त्री आला होता. म्हणाला, मॅडम, अर्ध्या तासाचं काम आहे, आज बसवूनच टाकतो.

मी नको म्हटलं. फरशी बसवली तर तो निघून गेलेला कळणार कसा?