उगाळू नये

भागीरथीची मुलगी द्वारका, द्वारकेची कुमुद आणि कुमुदची हेमांगी. या घराण्यात आईकडून लेकीला दागिना गेला नाही, कारण तो नव्हता. गेले ते एक देणे. भागीरथी वेंगुर्ल्याकडच्या काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाई. तान्ह्या मुलांना सांभाळायला घरी कोणी नसे, म्हणून त्या काळच्या रीतीप्रमाणे बायका मोहरीएवढी अफू चाटवून मुलांना टोपलीत निजवत. एके दिवशी भागीरथीच्या हातून मोहरीचा तांदूळ झाला. चार महिन्यांची द्वारका डोळे उघडीना. तेव्हा शेजारी बी फोडणारी रखमा केळुसकर हातातले काम टाकून उठली, पोर खांद्यावर घेतले आणि दिवेलागणीपर्यंत किनाऱ्यावर फिरत राहिली. तळव्यांना खारे पाणी लावी, नाव घेऊन हाका मारी, क्षणभर डोळा लागू देईना. द्वारका जगली. ‘केळुसकरांचा एक जागता दिवस आपल्या अंगावर आहे,’ हे वाक्य तेव्हापासून त्या घरात चालत आले. केळुसकर ते विसरूनही गेले. देणाऱ्याने विसरावे हे योग्यच. घेणाऱ्याला ती मुभा नाही.

हेमांगी पन्नाशीला आली होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊनही तिने गावातली बालवाडी चालवणे पत्करले होते, आणि त्याबद्दल कोणी हळहळ व्यक्त केली की ती त्याला दारातूनच वाटेला लावी.

बालवाडीच्या दारात पूर्वी मुलांची नखे तपासत, आता मनगटे तपासत. प्रत्येक मनगटावर बोटभर रुंदीची मऊ पट्टी असे. सरकारी नाव ‘निद्रापट’. गाव तिला झोपपट्टी म्हणे. मुलांना झोप येण्यासाठी गोड वड्या द्यायची पद्धत घरोघर पसरली होती. त्या औषध म्हणून नव्हे, खाऊ म्हणून विकल्या जात, आणि वेष्टनावर लिहिलेले व आत भरलेले यांची गाठ क्वचितच पडे. म्हणून ही पट्टी निघाली. घामातून उतरणारे निजेचे द्रव्य ती टिपून घेई आणि जितके द्रव्य तितकी निळी होई. सकाळी नऊपर्यंत ती पांढरी झाली पाहिजे, असा दंडक होता.

त्या मंगळवारी चार वर्षांच्या उर्वी केळुसकरची पट्टी पिकल्या जांभळासारखी होती.

“बाई, उर्वी उभ्या उभ्या निजली,” रांगेतली एक मुलगी म्हणाली.

हेमांगीने उर्वीची हनुवटी वर केली. पापण्या जड होत्या, श्वास संथ होता. मुलीला सोडायला आलेली तिची पणजी शेवंताकाकी अजून फाटकापाशीच होती. उर्वीचे आईवडील पणजी शहरात नोकरीला असत आणि शनिवारी येत. आठवडाभर मूल या ऐंशी वर्षांच्या बाईच्या हाती असे.

“काकी, काल किती वड्या दिल्या?”

“वड्ये कसले गो? एक वडी बारा दिवस चालता माझी.”

“एक वडी? बारा दिवस?”

“मग? अख्खी वडी लेकराक देऊ? डॉक्टर म्हणूं दे, मी इतकी येडी नाय. जायफळासारखी सहाणेर उगाळतंय आणि चाटवतंय. पयल्यांदा चार वळसे. झोप येय ना, म्हणान सहा केले. मग दहा. काल चौदा.”

हेमांगी थांबली. बारा दिवस पुरवलेल्या वडीने पट्टी जांभळी कशी होते, हा हिशेब बसत नव्हता. पण आधी मूल, मग हिशेब. तिने मदतनीस बाईच्या हाती वर्ग सोपवला, उर्वीला कडेवर घेतले आणि काकीला रिक्षात बसवले. वाटेत केळुसकरांच्या घरून तिने सहाण, उरलेली वडी आणि तिचे वेष्टन उचलले.

ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर लोबो तरुण होते, पण उतावळे नव्हते. त्यांनी छाती ऐकली, बोटाला श्वासाचा चिमटा लावला आणि म्हणाले, “श्वास सध्या पुरेसा आहे. या द्रव्याला उतारा अजून निघालेला नाही, ते अंगातून आपोआपच उतरायला हवं. तोवर हिला गाढ झोप लागता कामा नये. गाढ निजली तर श्वास मंदावेल, आणि मग मला यंत्र लावावं लागेल. पट्टी पांढरी होईपर्यंत कोणीतरी सतत बोलतं ठेवा. मी इथेच आहे.”

“संध्याकाळ होईल?”

“होईल.”

“होऊ दे,” हेमांगी म्हणाली.

रुग्णालयाच्या पडवीत तिने उर्वीला चालवायला घेतले. बोटाचा चिमटा तसाच होता, दर थोड्या वेळाने परिचारिका येऊन पाही. मूल वाकले की हेमांगी ओल्या फडक्याने तोंड पुसे, तळवे चोळी, प्रश्न विचारी. खाली बाकावर शेवंताकाकी वेष्टन डोळ्यांजवळ धरून बसली होती.

“हयसर लिवलेला आसा, ‘तोडू नये, चिरडू नये, चावू नये.’ मी तोडूक नाय. चिरडूक नाय. मी उगाळली. खंय चुकलंय, सांग.”

हेमांगीने दुसऱ्या हाताने उरलेली वडी उजेडात धरली. एका बाजूने झिजून ती तिरपी झाली होती आणि त्या उतारावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळे दिसत होती. बाहेर साखरेचे पांढरे, मग पिवळसर, आणि मध्ये राखाडी गाभा. तिने खिशातल्या दोन कोऱ्या पट्ट्या काढल्या. एकीवर पांढऱ्या कडेचा ओला कण टेकवला. पट्टी तशीच राहिली. दुसरीवर गाभ्याचा तेवढाच कण लावला. पट्टी काळीनिळी झाली.

“काकी, जायफळ आतून बाहेरून एकच असतं. पहिला वळसा आणि शंभरावा वळसा सारखाच. ही वडी तशी नाही. हिचं बळ सगळं मध्ये आहे, आणि ते रात्रभर थोडं थोडं सुटावं म्हणून प्रत्येक कणाला कवच आहे. पहिले आठ-दहा दिवस तुम्ही नुसती साखर उगाळलीत. झोप येईना म्हणून वळसे वाढवलेत. काल सहाण गाभ्याला पोहोचली, कवचं दगडावर फुटली, आणि चौदा वळशांत रात्रभराचं बळ एकदम उतरलं.”

“म्हणजे मी कमी दिऊक गेलंय...”

“म्हणूनच. काळजी होती म्हणून झालं. बेफिकीर माणसानं अख्खी दिली असती, तर हे झालं नसतं.”

हे ऐकून म्हातारीला बरे वाटले की वाईट, ते तिच्या तोंडावर दिसले नाही. तिने फक्त पदराने सहाण झाकली.

डॉक्टर लोबोंनी दोन्ही पट्ट्यांची छायाचित्रे घेतली. “उत्पादकानं जिथे चाचण्या केल्या असतील तिथे सहाण नसणार,” ते म्हणाले. “वेष्टनावर ‘उगाळू नये’ हेही असायला हवं. तुमच्या नावानं आजच कळवतो.”

“माझ्या नको. काकींच्या नावानं कळवा. वळसे त्यांनी मोजले नसते, तर काही उलगडलंच नसतं.”

दुपारी उर्वी रडली, मग चिडली, मग हेमांगीच्या खांद्याला चावली. “चाव,” हेमांगी म्हणाली, “पण जागी राहा.” गावातली सगळी कुत्री नावानिशी मोजून झाली. कावळ्याचे घर शेणाचे का, यावर वाद झाला. हेमांगीचे गुडघे भरून आले. परिचारिकेने दोनदा तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.

“दी माझ्याकडे,” काकी म्हणाली. “तू कोण लागतंस तिची, दिवसभर उपाशी फिरूक?”

तेव्हा हेमांगीने चालता चालता ते सांगितले. काजूचा कारखाना, मोहरीचा तांदूळ, रखमा. शेवंताकाकी ऐकत राहिली. रखमा तिची आजेसासू. तिने मान हलवली.

“आमच्या घरात ह्या कोणी सांगूकच नाय.”

“तुम्ही कशाला सांगाल? अंगावर आमच्या होतं.”

उन्हे पडवीच्या पायरीवरून खाली उतरली. पट्टी जांभळीची निळी झाली होती, निळीची आभाळी झाली. समोरच्या घरात तुळशीपुढे दिवा लागला तेव्हा डॉक्टर लोबोंनी मनगट उजेडाकडे वळवून पाहिले, श्वास मोजला आणि चिमटा काढून घेतला. पट्टी दुधासारखी पांढरी होती.

शेवंताकाकी उठली. तिने हेमांगीच्या खांद्यावरचा दातांचा वण पाहिला, त्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, “फिटला गो बाय. पुरा फिटला. आता ह्या फुडे लेकीबाळींक सांगू नको. जुना उगाळू नये.”

हेमांगीला हसू आले.

उर्वी तिच्या खांद्यावरून मान उचलून दोघींकडे पाहत होती. सकाळपासून ज्या शब्दाला बंदी होती, तो तिने जपून, हळूच उच्चारला.

“बाई, आता मी झोपू?”