सातव्या गाठीखाली

"पुन्हा तेवढंच! पाह्य, खुशे, पाह्य!"

देवानंदने पितळेचा लामणदिवा खुशीच्या नाकापुढे धरला. तेल जवळजवळ काठापर्यंत होतं. वातीचं नुसतं टोक काळं झालेलं.

"आजी तर म्हणते, दिवा रातभर जळते," दहा वर्षांची वर्षाली कुजबुजली. "मंग तेल कावून सरत नाही?"

"आज चौथा दिवस," खुशी म्हणाली. "चार दिवसांत दोन चमचेही तेल गेलं नाही. कोणीतरी दिवा विझवतंय!"

"आपल्या मळ्यात? कोन?"

देवानंदने दिवा खाली ठेवला. राख-चिंचेनं दिवा घासायचं काम त्याचं होतं. आणि हा दिवा लागायचा तो त्याच्याच बाबांसाठी.

खुशी दर उन्हाळ्यात अमरावतीहून अंजनगाव सुर्जीजवळच्या या मळ्यात यायची. वांगी, पालक, काकड्या, बांधावर मोगरा, आणि दिवसभर हुंदडणं! यंदा मात्र मळ्यात पाऊल टाकल्यापासून तिला मोठ्यानं हसवत नव्हतं. गेल्या वैशाखात जीवनमामा, म्हणजे देवानंदचे बाबा, इथल्या जुन्या विहिरीत गेले. मासोळीसारखे पोहणारे मामा! 'पाय घसरला,' असं घरचे म्हणत. 'विहिरीनं नेला,' असं गाव म्हणे. महादेवआबांनी त्याच दिवशी विहीर टिनाच्या पत्र्यांनी झाकून टाकली, आणि कौशल्याआजीनं नेम धरला. वर्षश्राद्ध होईपर्यंत रोज दिवेलागणीला एक पत्रा सरकवायचा, दोराला बांधलेला दिवा विहिरीत सोडायचा आणि पहाटे वर ओढायचा. त्या वेळी तिथं दुसऱ्या कोणी यायचं नाही.

यंदा खुशीचे अकोल्याचे आजोबा, भगवंतराव, हेही महिनाभर मळ्यावर राहायला आले होते. त्यांची बायको दिवाळीत गेली. "व्याही, रिकाम्या घरात एकटे कावून बसता? इकडं या, दोघं मिळून बसू," असा आबांनीच फोन केला होता. दोघे म्हातारे दिवसभर निंबाखाली बसत. बोलणं थोडंच होई. पण एक उठला की दुसराही उठायचा.

त्यातच मळ्यातलं बोअर आटलं. नितेशमामानं ठरवून टाकलं: जुनी विहीर उघडायची, डिझेल इंजिन आतल्या टप्प्यावर ठेवून पाणी उपसायचं, गाळ काढायचा. उद्याच!

"उद्या माहे बाबा उतरनार हायेत," वर्षालीचा आवाज कापला. नितेशमामा तिचे वडील. "आन् दिवा तं विझूनच राहिला."

"म्हणून आजच छडा लावायचा," खुशी म्हणाली.

दुपारी मोठी माणसं आडवी झाली तसे तिघे विहिरीवर पोचले. ऊन नुसतं भाजत होतं. एक पत्रा सरकवला आणि आतून कुजलेल्या पाल्याचा वास आला. खाली काळोख. कुठं पाण्याचा चुळूक आवाजही नाही.

खुशीनं दिव्याच्याच दोराला हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. देवानंदने कंदील आणला होता.

"याले काच हाय," तो म्हणाला. "वाऱ्यानं विझनार नाही. विझला, तं दुसरंच काही हाय."

कठड्याच्या मागं उभं राहून त्यांनी कंदील सोडला. एक गाठ. दोन. तीन. ओले दगड उजेडात चमकून मागं पडत गेले. सहावी गाठ. ज्योत बारीक झाली, निळी झाली. सातवी...

गेली! कोणी चिमटीत धरून दाबावी तशी.

"पुन्हा लाव!" खुशी म्हणाली.

पुन्हा सातवी गाठ. तिसऱ्यांदाही सातवीच. वर्षालीनं देवानंदची बाही घट्ट धरली.

"विझला नं?"

तिघंही दचकले. मागं आजी उभी होती. रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"रोजच विझते," आजी खालच्या आवाजात म्हणाली. "जीवन माह्या हातचा दिवा घेत नाही. त्या दिवशी त्याच्या हातून कळशी विहिरीत पडली. म्या म्हटलं, 'पाडली नं? आता तूच काढ!' तसा थो गेला... आईवर रागावून गेलं लेकरू. कोनाले सांगू नका, बाप्पा. लोक म्हनतीन, घराले दोष लागला."

"आजी, मामा रागावले नाहीत गं," खुशी कळवळून म्हणाली. "शाळेत बाईंनी जळत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवला होता. आतली चांगली हवा सरली तशी ज्योत विझली. इथं तर वर्षभर पत्र्यांचं झाकण आहे! खाली घाण हवा साचलीय. ज्योत जिथं जगत नाही तिथं..."

समोर देवानंद होता. ती थांबली.

"मानूसही जगत नाही," देवानंदनेच वाक्य पुरं केलं.

आजीनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं. "सांगू नका," एवढंच पुन्हा म्हणून ती घराकडं वळली.

आजीचा शब्द खुशीनं कधी मोडला नव्हता. त्या संध्याकाळी जेवताना मात्र तिनं सगळं सांगून टाकलं. फक्त कळशीचं तेवढं नाही.

"आली मोठी सायंटिस्ट!" नितेशमामा खो खो हसला. "अवो, पन्नास विहिरी उतरलो मी. विहिरीत काय हवा सरते? सिलिंडर हाय काय थे?"

"बाबा, नका नं उतरू," वर्षाली रडवेली झाली.

"चूप! मोठ्याईच्या मंधात बोलू नये," आबा म्हणाले. त्यांच्या ताटातली भाकर तशीच होती.

अकोल्याच्या आजोबांनी तेवढं विचारलं, "बेटा, तिन्ही वेळा सातव्याच गाठीला?"

"तिन्ही वेळा, आजोबा."

"नितेशराव, थोडं थांबून..."

"व्याही, तुम्ही पाव्हने. तुम्ही आराम करा," नितेशमामा हसत म्हणाला, आणि विषय तिथंच संपला. लेकीच्या सासरचा पाहुणा. त्यानं यापुढं किती बोलावं!

सकाळी इंजिन सुरू करायचं हँडल सापडेना. नितेशमामानं गोठा पालथा घातला. शेजारचा चंद्रभान मदतीला आला होता, त्यानं कडब्याची गंजी उपसली. अकोल्याचे आजोबा खाटेवर ताठ बसून माळ ओढत होते.

"आजोबा, लागत नाही ना?" खुशीनं हळूच विचारलं.

"लोखंड आहे, बेटा. लागणारच," ते ओठ न हलवता म्हणाले. हँडल त्यांच्या गोधडीखाली होतं!

पण डाव उलटला. "हँडल गेलं खड्ड्यात!" नितेशमामा ओरडला. "आधी मी उतरून गाळ किती हाय थे पाह्यतो. इंजिन मंग!"

आणि तो विहिरीकडं निघालासुद्धा.

तिघं पळत सुटले. पत्रे बाजूला झाले होते. विहिरीच्या भिंतीत बसवलेल्या लोखंडी कड्यांवर पाय देत नितेशमामा दोन कड्या खाली गेलाही होता. चंद्रभान वरून दोर धरून होता. त्या दोराचं दुसरं टोक मामाच्या कमरेला नव्हतंच. ते खाली लोंबत होतं!

काय करावं? ओरडून उपयोग नाही, रडून नाही. खुशीच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला.

"मामा, थांबा! आजीचा नेम मोडतोय! दिव्याच्या आधी विहिरीत कोणी उतरायचं नाही!"

नितेशमामा थांबला. पोरांचं तो ऐकत नव्हता. आईच्या नेमापुढं मात्र त्याचा पाय अडला.

"कोन म्हनते?" त्यानं खालूनच विचारलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आबा आणि अकोल्याचे आजोबा मागून येत होते. त्यांच्या पुढं आजी दिवा घेऊन उभी होती. पेटलेला. तिनं ज्योतीभोवती पदर धरला होता. खुशीला कळलं, आजीला कशाची भीती आहे. आता दिवा सगळ्यांदेखत विझणार होता.

"म्या म्हनते," आजी म्हणाली. "आधी दिवा."

तिनं दोर सोडला. दिवा नितेशमामाच्या खांद्याजवळून गेला, पायांजवळून गेला. तिसरी, चौथी, पाचवी... खुशी मोठ्यानं गाठी मोजत होती. सहा. ज्योत निळी झाली. सात.

अंधार!

"वारा असन," मामा म्हणाला. पण हसला नाही.

देवानंदने पेटता कंदील पुढं केला. "काका, याले काच हाय. पाह्य."

कंदील गेला. सातव्या गाठीला तोही विझला. नितेशमामानं आपल्या पायांखाली पाहिलं. अजून आठ-दहा कड्या उतरला असता, तर त्याचं डोकं तिथं असतं. एक-एक कडी तो वर आला आणि कठड्याला टेकून खालीच बसला. वर्षाली त्याच्या गळ्यातच पडली.

"गेल्या वर्षी इंजिन कुठं होतं?" अकोल्याच्या आजोबांनी विचारलं. आता ते पाहुणे उरले नव्हते.

"आतच," आबा म्हणाले. "सकाळपासून चालू होतं. मीच ठेवाले लावलं होतं आत." त्यांनी कठड्याला हात टेकला. "वर्सभर कोनाले बोललो नाही. थो उतरला तवा विहीर धुरानं भरली होती."

"तो धूर या साचलेल्या हवेपेक्षाही कपटी, व्याही," अकोल्याचे आजोबा म्हणाले. "त्यात दिवा जळत राहतो अन् माणूस जातो. म्हणून नुसत्या दिव्यावरही भरवसा नाही. जाणकार माणसं येऊन हवा तपासतील, मगच पुढचं."

"मंग जीवन रागावून नाही गेला?" आजीनं विचारलं.

"नाही, विहीणबाई. खाली श्वासच नव्हता. तिथं कसलं पोहणं अन् कसला राग!"

आजी कठड्याशी बसली. आबा तिच्या शेजारी बसले. एकाच घरात दोघांनी दोन दगड उरावर वागवले होते, आणि एकमेकांना दाखवले नव्हते.

मग आबांनी तिन्ही पोरांना जवळ ओढलं. "काल म्या तुमाले चूप केलं. आज तुमी माह्या पोराले वाचवलं. शाब्बास रे माह्या वाघांनो! खुशे, तुह्या बाईले सांगजो, तिचा ग्लास कामी आला."

"आणि माझी बैठकही!" अकोल्याचे आजोबा कंबर चोळत म्हणाले. नितेशमामासुद्धा कसानुसा हसला.

देवानंद मात्र बाजूला जाऊन मोगऱ्याच्या बांधावर बसला होता. खुशी आणि वर्षाली त्याच्याजवळ गेल्या.

"शाळेतले पोट्टे म्हनतात, तुह्या बापाले पोहताच येत नव्हतं," तो जमिनीकडं पाहत म्हणाला.

"आता काय सांगशील त्यांना?"

वर्षभर न आलेलं रडू त्याला आता आलं, आणि दोघींनी ते येऊ दिलं.

"देवा!" विहिरीकडून आजीची हाक आली. "इकडं ये रे. तुहा बाप पोहायले कसा शिकला, थे सांगते तुले. तुह्याएवढा असंन तवा..."

"त्याच्याएवढा कुठं?" आबा मध्येच बोलले. "सहा वर्साचा होता! तुले काही आठवत नाही."

"मले नाही आठवत? बापानं पोर पान्यात फेकलं, आन् मीच वरडत होती!"

देवानंद डोळे पुसत उठला आणि धावत सुटला.