चिंचबारीची चढण

शनिवार, चार जानेवारी एकोणीसशे ब्याण्णव, आणि वर अमावास्या. असोद्यात संध्याकाळी साडेसातला वीज गेली ती साडेनऊ झाले तरी आली नव्हती. दीपनगरचं वीजघर तासाभराच्या रस्त्यावर, कुमुदचे वडील तिथंच नोकरीला, आणि त्यांच्या सख्ख्या भावाच्या ओसरीवर मात्र कंदील.

कुमुदला त्याचं काही नव्हतं. तिनं कंदिलाशेजारी कॉलेजचा ग्राफपेपर पसरला होता आणि त्यावर लाल पेन्सिलीनं रस्ता काढला होता. जळगाव, धुळे, साक्री, मग डोंगर चढून सापुतारा, येताना सटाण्यावरून परत. तीन गाड्या, चार माणसं, चार दिवस. चोवीस तारखेला पहाटे निघायचं. पेट्रोलपंप कुठं, पंक्चर काढणारा कुठं, रात्री कोणाच्या घरी पथारी टाकायची, सगळं तिनं लिहून काढलं होतं.

माणसं ठरलेली होती. असोदा स्टँडवर गॅरेज चालवणारा तिचा आतेभाऊ भटू. वर्गातली प्रमिला आणि प्रमिलाचा भाऊ अभिमन, हे दोघं एका गाडीवर. आणि कुमुद स्वतः, एकटी, गिरधरनानांच्या जुन्या राजदूत मोटरसायकलवर.

अडलं होतं ते इथंच. बी.एस्सी.साठी कुमुद तीन वर्षं मोठ्या काकांच्या, म्हणजे नानांच्या घरी राहत होती. वडिलांनी पत्रात एकच ओळ लिहिली होती, "नाना म्हणतील तसं." आणि नाना काहीच म्हणत नव्हते. महिनाभर भटू अंगणाच्या कोपऱ्यात राजदूतशी झटत होता. चौदा वर्षं बारदानाखाली पडलेली गाडी. त्यानं टायर बदलले, कार्ब्युरेटर उघडून धुतला, वायरिंग नव्यानं ओढलं. नाना बघायचे आणि उठून शेतात जायचे. किल्ली मागितली की म्हणायचे, "हरपली."

"गाडी एकदम ओके," भटू सांगत होता. "फक्त मागच्या सीटचं डावं फूटरेस्ट मिटलेलं हाये ते उघडत नाही. गंजून एकजीव झालंय. आज दुपारी रॉकेल ओतलं, हातोडा मारला. शेवटी माझंच बोट सुजलं."

"मला कशाला पाहिजे? माझ्यामागं कोणी बसणार नाही," कुमुद म्हणाली.

"बरंय. साक्रीच्या पुढं चिंचबारीची चढण खडी आहे. डबलसीट गाडी दम टाकते. प्रमिले, तुला खाली उतरून पायवाटेनं चढावं लागंल. अभिमन वर थांबंल."

"मी का उतरू? अभिमननं उतरावं. त्याचं वजन बघ," प्रमिला म्हणाली. सगळे हसले.

नाना हसले नाहीत. खाटेवर बसून ते तंबाखू मळत होते, तो हात थांबला.

"चिंचबारीत कोनीच उतरायचं नाही," ते म्हणाले. "आनि पोरींनी तर त्या रस्त्यानं जायचंच नाही."

"का?" कुमुदनं पेन्सिल खाली ठेवली. "कारण सांगा नाना. नुसतं नाही म्हणू नका."

आतल्या घरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. बेबाबाई, नानांची बायको, कुमुदची मोठी आई. गाडी बघा तरी दुरुस्त होते का, असं भटूला गुपचूप सांगणारी तीच होती. पण नानांसमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि याचाच कुमुदला सगळ्यात जास्त राग यायचा.

"माझा एक दोस्त व्हता, तोताराम," नानांनी सुरुवात केली. "खोटं सांगत नाही. त्याच्यासोबत घडेल गोष्ट."

अभिमन सरकून जवळ आला. कुमुदनं मनात म्हटलं, आता भूत निघणार. यांच्याजवळचं कारण संपलं की भूत निघतं.

"अठ्ठ्याहत्तर साल. अशीच मार्गशीर्षाची अमावास्या. तोतारामचा मेव्हणा चिंचबारीच्या पलीकडं आश्रमशाळेवर मास्तर. त्याले पोरगा झाला. बारशाले तोताराम अन् त्याची बायको गाडीवर निघाले. डिंकाचे लाडू, बाळाची गोधडी, असं सगळं सामान. धुळ्यात टायर बसला, तठी दोन घंटे गेले. साक्री सोडली तवा रात्रीचे नऊ वाजेल व्हते."

नाना सावकाश सांगत होते. चढणीखाली गाडीनं दम टाकला. तेव्हाची रीत अशी, की बाईनं उतरायचं. गाडी वळणावळणानं वर जायची आणि बाई पायवाटेनं सरळ चढायची. वर चिंचेखाली गाडी उभी राहायची, इंजिन चालूच, कारण तापलेलं इंजिन बंद केलं तर पुन्हा लागायचं नाही. बाई मागं बसली की नवऱ्याच्या खांद्यावर दोन थापा मारायची. दोन थापा म्हणजे, चला.

"ती उतरली. ह्यानं सामानासकट गाडी वर नेली. चिंचेखाली थांबला. काळोख असा, की सोताचा हात दिसंना. थांबला… थांबला. मंग मागची सीट दबली. खांद्यावर दोन थापा. ह्यानं गाडी सोडली."

"वळून बघितलं नाही?" कुमुदनं विचारलं.

"काहून पाहीन? बायकोच ना ती."

"मग?"

"उतार लागला. उताराले गाडी आपोआप पळते ना भटू? इंजिन नुसतं गुणगुणतं. तसं झालं नाही. गाडी जड. उताराले ह्याले रेस द्या लागे. तो म्हने, पदर सांभाळ, साखळीत जाईन… उत्तर नाही. म्हने, थंडी वाजती का? …उत्तर नाही. हात मात्र खांद्यावर. काढेच ना. स्वेटर, शर्ट, बनियन. तरी तो हात थंड लागे. आतपर्यंत."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. कुमुदच्या ते ध्यानात आलं. बाकी कोणाच्या नाही.

"खड्डा आला. गाडी उडाली. मागचं माणूस उडालं पाह्यजे. नाही उडालं."

नानांनी तळहातावरची तंबाखू झटकली.

"मंग त्याले वाटलं, वळून पाहावं."

"बघितलं?"

"नाही." नाना कंदिलाकडं बघत होते. "नाही पाह्यलं. गाव आलं. कुत्रे भुंकत व्हते ते गप झाले. एकदम. मेव्हण्याच्या दारात गाडी थांबली. शेजारची म्हातारी, धुरपदाबाई, बाळंतिणीसाठी जागी व्हती. कंदील घेऊन आली. गाडीमागं उजेड धरला. अन् म्हने…"

नाना थांबले. मग त्या म्हातारीच्या अहिराणीत, अगदी हळू म्हणाले,

"भाऊ, एकलाच उनात का? वहिनी कोठे शे?"

एकटेच आलात का, वहिनी कुठं आहे, एवढंच म्हातारीनं विचारलं होतं. प्रमिलानं कुमुदचा दंड धरला होता. कुमुदच्याही हातावर काटा आला होता, आणि आला म्हणून तिला स्वतःचाच राग येत होता.

"म्हनून म्हनतो," नानांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "बाईमानसानं त्या रस्त्याले लागू नये. झालं. गुंडाळा तो कागद."

"थांबा," कुमुद म्हणाली. "गोष्ट अर्धीच झाली. बायको कुठं होती?"

"आली ना. सकाळी. लाकडाच्या ट्रकवाल्यानं आणून सोडली."

"सकाळी म्हणजे? रात्रभर ती त्या चिंचेखाली? अमावास्येला? आणि तुमचा तोताराम परत गेला नाही?"

"त्याले ताप भरला व्हता."

"ताप!" कुमुद उठून उभीच राहिली. "बायको येण्याआधी गाडी सोडली कोणी? त्यानं. वळून बघितलं नाही कोणी? त्यानं. रात्रभर एकटी राहिली ती. आणि चौदा वर्षांनी घरात बसायचं कोणी, तर मी? हा कुठला न्याय नाना? त्या रस्त्यावर जायला बंदी घालायचीच तर तोतारामाला घाला."

"कुमुदे, मोठ्यांशी बोलायची ही रीत—"

"तोतारामाले कधी गाडी येत व्हती?"

आवाज आतून आला होता. बेबाबाई उंबऱ्यात उभी होती. हाताला राख तशीच.

नानांनी मान वर केली नाही.

"सायकलवरून पडे तो तोताराम," बेबाबाई म्हणाली. "सांगायचं तर बठ्ठं सांगा, अर्धं नको. नाही तर मी सांगते. चौदा सालात मले कोनी इचारलं नाही. ह्यांच्यामागं भूत बसलं ते तुम्ही बठ्ठ्यांनी ऐकलं. मी तठी काय पाह्यलं ते कोनाले माहीत नाही."

ती उंबऱ्यातच बसली. कुमुद तिच्यासमोर जाऊन बसली.

"सांग, मोठी आई."

"मी चढून वर आली. वीस-पंचवीस पावलं राह्यली असतीन. दम लागेल व्हता. गाडीचा लाल दिवा दिसे. मी म्हटलं, आली बापा. तेवढ्यात गाडी सुटली."

कुमुद पुढं सरकली.

"मागं बाई बसेल व्हती. माझ्यासारखाच डोक्यावर पदर. एका बाजूले पाय सोडेल. उघडे पाय. मी जीव खाऊन हाक मारली."

कंदिलाची ज्योत हलली नाही. वाराच नव्हता.

"तिनं वळून पाह्यलं," बेबाबाई म्हणाली. "ह्यांनी नाही."

कुमुदनं विचारलं, "तोंड दिसलं तिचं?"

"दिसलं. त्या लाल दिव्यात."

"कसं होतं?"

बेबाबाईनं पदरानं हाताची राख पुसली. "थकेल. चढून आलेल्या बाईचं असतं तसं. मले तिचं भेव नाही वाटलं. मले वाटलं, हिलेबी कोनी तरी खाली उतरवलं असीन. मंग आलंच नसीन न्यायले."

नाना काहीतरी बोलायला गेले. मग खाटेच्या दोऱ्याच चाचपत राहिले. कुमुदनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर तिला त्यांची दया आली. पण क्षणभरच.

बेबाबाईनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातून एक लहान, काळी पडलेली किल्ली सोडवली आणि कुमुदच्या ओंजळीत टाकली.

"हरपली नव्हती. मीच ठेवेल व्हती. ह्यांनी दुसऱ्या दिवशी विहिरीत टाकायले काढली व्हती." मग तिनं ग्राफपेपरकडं हात केला. "त्याच्यावर माझंबी नाव लिही. तुझ्यामागं बसीन मी."

"बेबा…" नाना म्हणाले.

"चढणीले मले उतरवशील?" तिनं कुमुदलाच विचारलं.

"नाही."

"गाडी नाही चढली तर?"

"तर दोघी उतरू. ढकलत नेऊ."

"अन् वळून पाहशील?"

"दर वळणाला," कुमुद म्हणाली. "तू कंटाळशील इतक्यांदा."

भटूनं टॉर्च घेतली. "मग किक मारूनच बघू. मोठी मामी बसणार म्हणजे आता ते फूटरेस्ट उघडावंच लागंल. उद्या गॅसनं तापवतो. नाहीच निघालं तर कापून नवीन टाकतो."

पाचही जणं अंगणाच्या कोपऱ्यात गेली. नाना ओसरीच्या पायरीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. अंगणात काळोख दाट होता. भटूनं बारदान ओढलं. टॉर्च मागच्या चाकावर पडली.

भटू चाकाशी खाली बसला.

"काय झालं?" अभिमननं विचारलं.

भटूनं टॉर्च जवळ नेली.

डावं फूटरेस्ट खाली होतं. उघडं. सरळ.

"तू उघडलंस?" अभिमननं भटूला विचारलं.

"दुपारी मी हातोडा मारत होतो तवा तूच गाडी धरली होती ना," भटू म्हणाला.

कुमुद वाकली. फूटरेस्टच्या पट्टीवर माती होती. थोडीशीच, पायाची टाच टेकल्यावर राहते तेवढी. तिनं बोट लावलं. ओली होती. तिनं बोट टॉर्चसमोर धरलं. असोद्याच्या शिवारात हात घालाल तिथं काळी माती, कपाशीची आणि केळीची. ही लाल होती. डोंगरातला मुरूम.

"आता तरी ऐक," पायरीवरून नाना म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "कुमुदे… आता तरी जाऊ नको."

"आता तर जाणारच," कुमुद म्हणाली. मागं न बघता बोलावं असं तिला वाटलं, पण ती वळली आणि नानांच्या डोळ्यांत बघून बोलली. "चौदा वर्षं एखादी वाट बघते नाना, आणि तुम्ही म्हणता जाऊ नको. तुम्ही पण या. अभिमनच्या मागं बसा. प्रमिला भटूची गाडी चालवेल, भटू मागं बसेल."

"मी? मला कुठं येते?" प्रमिला म्हणाली.

"वीस दिवस आहेत."

बेबाबाईनं पदराचं टोक हातात घेतलं, मातीजवळ नेलं, आणि पुसलं नाही. "राहू दे," ती म्हणाली. "तिची जागा हाये."

कुमुदनं किल्ली लावली. तिसऱ्या किकला गाडी लागली. चौदा वर्षांनंतर राजदूतचा आवाज अंगणात भरला, आणि गल्लीतली सगळी कुत्री जी मघापासून भुंकत होती, ती एकदम गप झाली.

भटू अजून मागच्या चाकाशीच बसला होता. त्यानं टॉर्च तोंडात धरली, दोन्ही हातांनी फूटरेस्ट पकडलं आणि पुन्हा मिटायला जोर लावला. मग हातोड्यानं ठोकलं. पुन्हा ठोकलं.

ते हललं नाही. सांध्यावरचा गंज जसाच्या तसा होता. कुठं खरवडलेला नाही, कुठं तुटलेला नाही. जणू ते फूटरेस्ट चौदा वर्षं उघडंच होतं.