एक बोट, दोन बोटं

वर्ध्याच्या बसस्टँडवर वांग्यांचं पोतं उसवलं आणि रंभाच्या डोळ्यांदेखत पंधरा-वीस वांगी उभ्या गाडीखाली घरंगळत गेली. तिचे वडील बापूराव रिक्षा बघायला पुढे गेले होते. रंभानं एका हातानं पोत्याचं तोंड आवळलं, दुसरा उसवलेल्या जागी घातला आणि ती तशीच अवघडून उभी राहिली...

तेवढ्यात एक सडपातळ तरुण गुडघे टेकून गाडीखाली वाकला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तो दचकून, डोकं आपटून घेऊन बाहेर आला आणि गाडी हलली. त्याच्या हातात एकच वांगं होतं.

"एवढंच वाचलं," चाकांकडे बघत तो गंभीरपणे म्हणाला. "बाकीच्याईचं भरीत झालं."

रंभा हसली. अगदी खळखळून. आणि मग तिच्या लक्षात आलं – दोन्ही हात पोत्यात अडकलेत, तोंड झाकायचं राहूनच गेलं.

तिचा वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढला होता. पाचवीत कुणीतरी त्यावरून चिडवलं, तेव्हापासून हसू आलं की हात आधी तोंडावर जाई. तिनं ओठ घट्ट मिटले. पण तो बघतच होता... वांगं परत द्यायचंही विसरून.

एकोणऐंशी सालचा पोळा नुकताच झाला होता. आर्वीच्या पाहुण्यांनी रंभाच्या गावी, आंजीला, निरोप धाडला होता: पोरगी पसंत आहे, तेवढा दात नीट करून घ्या, दिवाळीनंतर सुपारी फोडू. म्हणून त्या दिवशी बापूरावांना वर्ध्यात दोन कामं होती. वांगी विकायची आणि दात दाखवायचा.

डॉक्टर सदाशिवराव शांत माणूस. आरशानं दात पाहून म्हणाले, "तार बांधता येईल, पण त्यासाठी दर महिन्याला नागपूर. दोन वर्षं लागतील. नाहीतर काढघालीची प्लेट देतो. ती रोज लावायची, तिलाही वर्ष-दीड वर्ष. आणि तसाच ठेवला तरी काही बिघडत नाही. दात चांगला आहे, नुसता वाकडा आहे."

"आर्वीवाले दोन महिने थांबले तं लई झालं, डॉक्टरसाहेब. लवकरचं सांगा."

"लवकरचं म्हणजे काढून टाकायचा आणि खोटा बसवायचा. पण तो पुन्हा उगवणार नाही, बापूराव."

"काढा," बापूराव म्हणाले. रंभाला कुणी विचारलं नाही.

माप घ्यायला आतून टेक्निशियन आला. हातात गुलाबी लगद्यानं भरलेला ट्रे, कपाळावर ताजं टेंगूळ. रंभानं डोळे मोठे केले.

"मी मनोहर," तो हळूच म्हणाला. "चार मिनिटं बोलायचं नाई, हलायचं नाई. हो असंल तं एक बोट दाखवा, नाई असंल तं दोन."

लगदा तोंडात गेला, थंडगार.

"वांगी घरचीच का?"

एक बोट.

"माह्या डोक्याले लागलं, त्याचं वाईट वाटलं का?"

दोन बोटं. तिचे डोळे हसत होते.

"दात दुखते का?"

दोन.

"मंग... काढायची तुमची मर्जी आहे का?"

रंभाचा हात खुर्चीच्या दांडीवरच राहिला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. खोट्या दाताचा रंग उजेडात जुळवावा लागतो, म्हणून मनोहरनं तिला खिडकीशी नेलं. तिथे प्लास्टरचे दोन जबडे ठेवले होते. एक तिचा. दुसऱ्यात मेणाचा दात बसवलेला, सगळी ओळ सरळ.

"हे कोण?" दुसऱ्याकडे बोट दाखवत तिनं विचारलं.

"दिवाळीनंतरच्या तुम्ही."

"छान केलं तुम्ही."

"हाव. काम चांगलंच झालं." तो प्लास्टरनं पांढरी झालेली बोटं पुसत राहिला. "पण बसस्टँडवर जे हसू दिसलं ना... ते ह्याच्यात काही येऊन नाई राह्यलं. तीन डाव करून पायलं."

रंभानं मान खाली घातली. हात तोंडाकडे गेला... आणि अर्ध्यावरून परत आला.

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, ओठाखाली कापसाचे बोळे ठेवले आणि सुई हातात घेतली. "घाबरू नको, बेटा. मोठ्ठा आ कर."

रंभानं तोंड उघडलं नाही. हात वर केला. दोन बोटं.

"दोन?" बापूराव दारातून ओरडले. "दोन दात काढा लागते का?"

"दोन म्हणजे नाई, काकाजी," मनोहर म्हणाला.

"तुले कसं मालूम?" बापूरावांचा आवाज चढला, मग चिरकला. "पोरी, काऊन असं करून राह्यली? आर्वीवाल्याईले काय सांगू मी? ह्या दातासंगं लग्न कोण करन?"

कोपऱ्यातला नळ वाहत होता. मनोहरनं तो बंद केला.

"मी."

"तू कोणाचा?" बापूरावांनी विचारलं.

"सेलूच्या रूपरावांचा. पण काकाजी... तिले विचारा पयले."

बापूरावांनी लेकीकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच, विचारण्यासाठी. तिच्या तोंडात अजून कापूस होता.

तिनं एक बोट वर केलं.

मग कितीतरी वर्षं गेली. प्लास्टरचा तो पहिला जबडा सेलूच्या घरात भिंतीतल्या देवळीत राहिला. त्याच्या दातांत कधी किल्ली अडकवलेली असे, कधी विजेचं बिल.

शेवटच्या आजारात मनोहरच्या तोंडात नळी होती. भरदुपारी रंभा त्याच्या पलंगाशी बसली, त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन.

"दुखते का?"

उजव्या हाताची दोन बोटं. खोटं बोलत होता.

"घरी जायचं?"

एक बोट.

"एक विचारू? तो दात... नीट करून घ्यायले पायजे होता का मी?"

पायथ्याशी उभ्या मुलीला काहीच उलगडेना. रंभानं तिला सगळं नंतर सांगितलं. तेव्हा तिला एवढंच दिसलं, की बाबांचा हात चादरीवरून सावकाश उचलला गेला आणि दोन बोटं वर झाली.

रंभा हसली. तिचे दोन्ही हात त्याच्या हातात गुंतले होते. तोंड झाकायचं राहूनच गेलं.