दुपारचं दुखणं

"अडकला! पुन्हा अडकला!" भोपू एवढ्या जोरात ओरडला, की स्वयंपाकघरातून आईचा दबका आवाज आला, "अरे हळू! काका झोपलेत!"

टाचणीने माऊस गोल गोल फिरवला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. पडदा निळा झाला, मग काळा, आणि कॉम्प्युटर आपला आपण बंद पडला.

टाचणी म्हणजे भोपूची मोठी बहीण. कुठलीही गोष्ट टोचून टोचून विचारायची सवय, म्हणून ती टाचणी. भोपूला भोपू का म्हणत, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. तिसरी होती शेजारची मुंगी. ती मोजकंच बोलायची, पण रंगीत मातीचा गोळा तिच्या इवल्या बोटांत आला, की त्याला डोळे फुटलेच म्हणून समजा!

तिघांनी सुट्टीभर खपून एक सिनेमा केला होता. मातीची गोगलगाय टेबल ओलांडून खिडकीपर्यंत जाते, एवढीच गोष्ट. पण तिला केसभर सरकवायचं, फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायचं! आता ते शेकडो फोटो जोडायचं काम कॉम्प्युटरचं होतं. आज वाचनालय बंद व्हायच्या आत सिनेमा पोचला नाही, तर मुलांच्या सिनेमांच्या कार्यक्रमातून त्यांचं नाव बाद!

त्यात आणखी एक संकट. थोड्याच वेळात दुरुस्तीवाला पुन्हा येणार होता.

"तुमच्या खेळांनीच त्याची वाट लागलीय," बाबांनी सकाळीच निकाल देऊन टाकला होता. "सकाळी मी काम करतो, तेव्हा ठणठणीत. संध्याकाळी आई बसते, तेव्हा ठणठणीत. दुपारी तुम्ही बसलात की याचं दुखणं सुरू! आज सगळं पुसून नव्याने भरायला सांगितलंय. आणि पुढे तुम्ही हात लावायचा नाही!"

टाचणीला राग आला होता तो याचा, की बाबांच्या बोलण्यात खोट सापडत नव्हती. ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली.

"दुपारी आपण असतो, मान्य. पण दुपारी आणखी काय असतं?"

"भूक," भोपू म्हणाला.

"ती तुला कधी नसते?"

मुंगी टेबलाखाली शिरली होती. तिने कॉम्प्युटरच्या खोक्याला तळहात लावला आणि चटकन मागे घेतला. "केवढा तापलाय! आणि कालचं ते मऊ काहीतरी आजही आहे."

तो खोका टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात होता. कप्प्याला पाठ नव्हती, मागे सरळ काकांच्या खोलीचं बंद दार. वायरी बाबांनी करकचून बांधल्या होत्या आणि खोका हलवायला सक्त मनाई होती. काल मुंगीने बाजूच्या फटीतून हात घातला, तर मागे काहीतरी मऊ लागलं होतं. "उंदीर!" म्हणून भोपूने घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी बाबांनी बॅटरी मारून पाहिलं, तर तिथे काहीच नाही! मग काय, सगळ्यांनी यथेच्छ खिल्ली उडवली. सर्वांत जास्त हसले ते काका.

"दुपारी येतो आणि संध्याकाळी जातो," भोपू म्हणाला. "उंदराची काय ड्यूटी असते?"

टाचणी जागच्या जागी थांबली. "उंदराची नसते. पण काकांची असते!"

काका छापखान्यात रात्रपाळीला होते. जेवून दुपारी रजई घेऊन झोपायचे ते संध्याकाळी उठायचे. आणि ते बंद दार उघडायचं काकांच्याच बाजूने!

"चला, विचारू या!" भोपू उठलाच.

"झोपेतून उठवून?"

भोपू पुन्हा बसला. या घरात काचेची बरणी फोडलेली खपायची, पण काकांची झोप मोडलेली नाही. शिवाय "पोरांना आवरा, कॉम्प्युटर बिघडवतायत" हे रोज बाबांना सांगायचे ते काकाच. पुराव्याशिवाय ते कशाला कबूल होतात!

"पुरावा हवा ना?" मुंगी पुटपुटली. तिने लाल माती घेतली, फटीत हात घातला आणि जीभ दातांत धरून काहीतरी करत बसली.

"नुसती चिकटव ना! किती वेळ!" टाचणीचं सगळं लक्ष बाहेरच्या दाराकडे होतं.

"झालं," मुंगी म्हणाली आणि दारावरची बेल वाजली.

दुरुस्तीवाला आला. बाबा आले. बेलच्या आवाजाने जागे झालेले काकाही डोळे चोळत बाहेर आले. दुरुस्तीवाल्याने बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर शहाण्या बाळासारखा सुरू झाला!

"घ्या! काय धाड भरलीय याला?" तो म्हणाला. "खेळ आणि फोटो कोंबलेत नुसते. सगळं उडवून टाकतो."

"मी म्हणतच होतो," काका म्हणाले.

दुरुस्तीवाल्याचं बोट खाली येऊ लागलं. सुट्टीभराची मेहनत आता जाणार!

"थांबा!" टाचणी भोपूपेक्षाही मोठ्याने ओरडली. "आधी काकांची रजई बघा!"

"रजई?" बाबा चक्रावले. काकांचा चेहरा मात्र पडला. तोवर भोपू आत पळाला होता. त्याने रजई आणून सगळ्यांसमोर झटकन पसरली. रजईच्या मधोमध एक लालचुटूक गोगलगाय चिकटली होती, शिंगं रोखून!

"ही मघाशी मुंगीने कॉम्प्युटरच्या मागच्या मऊ वस्तूला चिकटवली," टाचणी म्हणाली. "रजईवर कशी आली, काका?"

काकांनी आधी छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "त्याचा पंखा माझ्या उशाशी घोंघावतो गं! दार जरासं उघडून फटीत रजई कोंबली, की बरं वाटतं. उठलो की काढून घेतो."

"रात्रभर यंत्रांच्या धडधडीत उभे राहता, आणि एवढासा पंखा सहन होत नाही?" आईने विचारलं.

"म्हणूनच ना, वहिनी! घरी तरी कानांना शांतता हवी. पण रजईने तो बंद पडत असेल, हे डोक्यातच आलं नाही."

"अहो, पंख्याची वाट बुजवलीत तर गरम हवा जाणार कुठे?" दुरुस्तीवाला म्हणाला. "फार तापला की तो अडकतो, आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो." मग तोही ओशाळला. "याआधी मी संध्याकाळी यायचो, तेव्हा सगळं ठीक दिसायचं. बिघडतो कधी, हे मी पोरांना विचारायलाच हवं होतं."

"आणि दुपार म्हणजे हीच कार्टी, असं धरून बसलो मी," बाबा म्हणाले. "चुकलंच माझं."

"ते नंतर, बाबा! आधी सिनेमा!"

कॉम्प्युटर बाहेर ओढला, धूळ झाडली, काम सुरू झालं. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. टाचणी एकदा घड्याळ बघे, एकदा पट्टी. भोपू नखं खात होता. काका खुर्ची घेऊन खोक्याशेजारी बसले आणि वर्तमानपत्राने त्याला वारा घालू लागले. "त्याची गरज नाही," दुरुस्तीवाल्याने दोनदा सांगितलं, पण काका ऐकेनात. हळूहळू वर्तमानपत्र मांडीवर आलं, मान खाली झुकली, आणि त्याच घोंघावणाऱ्या पंख्याशेजारी काका चक्क घोरू लागले!

पट्टी भरली. बाबांनी सिनेमा पेन ड्राइव्हवर घेतला, टाचणीच्या हातात ठेवला आणि कुजबुजले, "पळा! मीही येतो!"

सगळे धावत सुटले. वाचनालयाच्या बाई दाराला कुलूप लावतच होत्या.

"बाई, सिनेमा!" टाचणीला एवढंच म्हणता आलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग धापा टाकणाऱ्या बाबांकडे. "तुम्ही मदत केलीत वाटतं मुलांना?"

"मी?" बाबा गुडघ्यांवर हात टेकून म्हणाले. "मी तर हा सिनेमा पुसायला निघालो होतो, बाई. केला यांनी, आणि वाचवलाही यांनीच!"

बाई हसल्या, आणि त्यांनी कुलूप पुन्हा उघडलं.