आक्काचा नकार

"तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाय, आक्का," चतुरा म्हणाली, आणि आशाच्या पायाखालचं शिलाई मशीन थांबलं.

चतुराला नर्स होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, तोच मोठ्या सरकारी दवाखान्याच्या हृदयरोग विभागासाठी तिची निवड झाली होती. आनंदानं धावत ती शहागंजातल्या त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आली, तर थोरल्या बहिणीनं एवढंच म्हटलं, "तिथं जाऊ नको. दुसरा कोणताबी वॉर्ड घे." कारण मात्र आशानं सांगितलं नाही... आणि सांगणार तरी कसं?

लहानपणी आलेल्या सांध्यांच्या तापानं आशाच्या हृदयाची एक झडप आकसून गेली होती. गुलमंडीच्या दुकानात शिवलेले ब्लाउज द्यायला जाते, असं सांगून ती वर्षानुवर्षं त्याच विभागात इंजेक्शन घ्यायला जात होती. झडप उघडावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आई, लक्ष्मीबाई, जाताना चिमुकल्या चतुराला तिच्या ओटीत टाकून गेली होती, आणि त्या पोरीसाठी आशानं स्वतःच्या लग्नाचा विषयही कधी निघू दिला नव्हता. चतुराला कळलं तर ती सारं सोडून आपल्या उशाशी बसेल, हे ती जाणून होती. आधी पोरगी पायावर उभी राहू दे, मग माझं बघू... असं म्हणत तिनं प्रत्येक वेळी पुढची तारीख मागितली होती.

चतुरा त्या विभागात रुजू झालीच. बहिणीशी तिनं बोलणं टाकलं. आणि आपण तिथल्या रांगेत तिच्या नजरेला पडू नये म्हणून आशानं दवाखान्यात जाणंच बंद केलं. दुसरा डॉक्टर गाठला असता, तर त्यानंही तिथंच पाठवलं असतं. गोळ्या संपल्या, इंजेक्शनं राहिली...

संध्याकाळी चतुरा शेजारच्या जहांआराआपाला वॉर्डातल्या गोष्टी सांगायची. यंत्राच्या पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेषा अजून नीट वाचता येत नाहीत, इन्चार्ज द्वारकाबाई फार रागावतात, पण रुग्णाचा नुसता श्वास ऐकून आता काही काही उमगायला लागलंय, असं ती म्हणायची. आशा भिंतीआडून ते सारं प्राण कानात आणून ऐकायची. तिच्या अंतःकरणात अभिमान दाटून यायचा, आणि त्याच छातीत कळही उठायची!

एका दुपारी ड्यूटीवरून परतताना चतुराला आशा जिन्याच्या मध्यावर, भाजीची पिशवी जवळ घेऊन बसलेली दिसली. पाय मुरगळला, असं आशानं सांगितलं. पण ते एवढंसं वाक्यही तिला एका दमात पुरं करता आलं नाही. चतुरा जागीच थबकली. निळसर पडलेले ओठ, मानेवर उडणारी शीर... असे चेहरे ती आता रोज पाहत होती. पायरीवर बसून तिनं मनगट धरलं. नाडी अडखळत होती.

"कधीपासून, आक्का?"

आशानं मनगट सोडवून घ्यायला पाहिलं.

"कधीपासून?"

"तू लई लहान होतीस... तवापासून."

चतुराला एकाएकी सगळं उमगलं. तो नकार, ते गुलमंडीला जाणं, आणि आपण बोललेला एकेक शब्द. ती तिथंच ढसाढसा रडू लागली.

"रडू नको," आशा म्हणाली. "तुला समजवायला... मला दम पुरंना."

रिक्षा बोलावून चतुरानं तिला तडक दवाखान्यात नेलं. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. ते उतरताच मांडीतून नळी घालून, फुग्यानं झडप उघडायची ठरली. धोका होता, आणि तो डॉक्टरांनी लपवला नाही. ते ऐकून चतुरानं आशाला सांगितलं की आपण हा विभाग सोडणार, आता घरी राहून तिचीच सेवा करणार.

आशानं डोळे मिटून घेतले. "तू हे सोडलंस तर मी त्या टेबलावर चढणार नाय. मग मेले तरी चालंल."

बहिणीचा तो स्वर चतुरानं जन्मात ऐकला नव्हता. तिनं आशाच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "नाय सोडत."

झडप उघडत असताना ती बंद दाराबाहेर इतर नातेवाइकांसारखीच उभी होती. कोणत्या क्षणी आत काय बिघडू शकतं, हे आता तिला ठाऊक होतं, आणि ते ज्ञानच तिला जाळत होतं. अखेर दार उघडलं. झडप नीट उघडली, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाहेर येणाऱ्या आशाच्या खाटेची कड तिनं धरली.

दुसऱ्या सकाळी चतुरा त्याच वॉर्डात ड्यूटीवर आली. आशाचा हात हातात घेऊन ती कशीबशी म्हणाली, "आक्का, मी तुला नको नको ते बोलले..."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या खाटेशेजारचं यंत्र कर्कश वाजू लागलं. चतुराच्या बोटांची पकड घट्ट झाली. आशानंच आपला हात सोडवून घेतला.

"जा. आधी तिकडं बघ."

चतुरा धावली. आशाला पाय वाकवायची मनाई होती, तिनं नुसती मान वळवली. चतुरानं ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक दिली, घाबरलेल्या त्या म्हाताऱ्याला खांद्याला धरून शांत शब्दांत धीर दिला. कुठं घाई नाही, कुठं कंप नाही... तिला काम करताना आशा आज पहिल्यांदाच बघत होती. हळूहळू यंत्राचा आवाज थांबला.

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "कोण व्हय ती पोरगी?"

आशाचे डोळे भरून आले.

"माझी हाय," ती म्हणाली.